कौतिकाचा महिन्याचा दमा

नर्स म्हटलं की लोक बाळंतपणंच विचारतात. संपादकांनीही तेच मागितलं, "एखादं अडलेलं बाळंतपण लिहा, वाचकांना आवडतं." बाळंतपणं मी पुष्कळ केली. त्यांतली बहुतेक एकसारखीच होती. बाई ओरडते, सासू नवस बोलते, बाप ओट्यावर बसून विड्या ओढतो आणि मूल आपल्या सवडीने येतं. यंदा मी दुसरं काही लिहिते आहे. दिवाळी अंक घरात उघड्यावर पडलेला असतो आणि पुष्कळ घरी तो आधी सासरे वाचतात, हे मला ठाऊक आहे. सासऱ्यांनी हवं तर पुढचा लेख उघडावा. हा लेख बायकांच्या पाळीवर आहे.

मलकापूरकडच्या एका जनाना दवाखान्यात मी नोकरी करते. नाव लिहीत नाही, कारण पगार अजून तिथूनच येतो. बाजाराच्या दिवशी आमच्या लेडी डॉक्टर आणि मी दमणीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, औषधांची पेटी टाकून आसपासच्या मोठ्या गावांना जायचो. धामणगाव बढे त्यांतलं एक. आमच्या डॉक्टरबाई पुण्याकडच्या. पहिलं वर्षभर त्यांना इथली बोली कळेना आणि इथल्या बायकांना त्यांची. मधे मी दुभाषी. मी याच मातीतली असल्यामुळे मला दोन्ही येत होतं, आणि दोन्हीकडून बोलणी खायलाही मीच होते.

आमच्या कामात एक प्रश्न सगळ्यांत आधी विचारावा लागतो, "पाळी कधी आली होती?" आणि हाच प्रश्न विचारला की बाई तोंडाला पदर लावून सासूकडे बघते. पण आमच्या भागात विचारायची फारशी गरज पडत नाही. पाळी आलेली बाई बाहेर बसते. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण वेगळं. गोठ्याच्या कडेला नाहीतर पडवीच्या टोकाला तिचा कोपरा. पाणी वरून वाढायचं, भाकरी लांबून टाकायची. कोणत्या घरची सून या महिन्यात कधी बसली, मागच्या महिन्यात उशीर झाला का, हे शेजारणीला, पाणी आणणारीला, रस्त्यावरून जाणाऱ्या मेंढपाळालाही दिसतं. मला ही चाल आवडत नाही आणि ते मी तोंडावर सांगतेही. तरी खोटं कशाला बोलू, धंद्याला तिचा उपयोग फार. शहरातल्या नर्सला जे खोदून विचारावं लागतं, ते मला गाडीतून उतरताच कळतं.

कौतिका मला पहिल्यांदा अशाच कोपऱ्यात दिसली. धामणगावातल्या एका खात्यापित्या घरची ती सून. बारीक चणीची, गोरीपान, बोलण्यात तिखट. पण त्या दिवशी बोलायला तिच्याजवळ श्वासच नव्हता. गोठ्यात सरकीच्या पोत्यांना आणि कुटाराच्या, म्हणजे भुसकटाच्या, ढिगाला टेकून ती दोन्ही हात जमिनीवर रोवून बसली होती. खांदे वर ओढलेले, ओठ निळसर, आणि छातीत अशी शिटी वाजत होती की अंगणात ऐकू यावी. नवरा श्रीराम दारात उभा. तिला शिवायचं नाही म्हणून चार हात लांबूनच पंख्याने वारा घालत होता. त्याचा वारा तिच्यापर्यंत पोचत नव्हता, पण माणसाची इच्छा दिसत होती.

डॉक्टरबाई सरळ कोपऱ्यात शिरल्या आणि दंडात सुई दिली. घटकाभरात शिटी उतरली. कौतिकाने पहिला पुरा श्वास घेतला आणि पहिलं वाक्य नवऱ्याला ऐकवलं, "आता ठेवा तो पंखा. हात दुखले असतीन."

सासू भागीरथीबाई चौकटीतून सगळं बघत होत्या. धिप्पाड बाई, कपाळावर आडवं कुंकू, आवाज असा की शेतातला गडी बांधावरून परत यावा. त्या म्हणाल्या, "बाई, सुई देल्ली, चांगलं केलं. पन हे दर महिन्याचं हाये. त्या कोपऱ्यात इले काही तरी धरते. बाहेरचं हाये ते."

"बाहेरचं म्हणजे सरकीची धूळ," मी म्हटलं. "कुटाराची कुसळं. दमेकऱ्याला तिथं बसवलं तर दुसरं काय होणार?"

डॉक्टरबाईंचंही तेच मत पडलं. आम्ही हुकूम सोडला की सुनेचा कोपरा बदला, तिला कडुनिंबाखाली खाट द्या. भागीरथीबाईंनी मान हलवली. मग मला बाजूला घेऊन खरी गोष्ट सांगितली. वरवट बकालला त्यांचा भाऊ आहे. भावाची मुलगी लग्नाची आहे. श्रीरामासाठी ती करून आणायची बोलणी चालली आहेत. भावजय अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास येणार, आली की नारळ ठेवून सोयरीक पक्की करायची.

"आणि कौतिका?"

"राहीन ना घरात. हाकलून थोडीच देतो? दोन घास तिलेही भेटतीन." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, कापूस वेचाच्या दिवसात घरची सून महिन्यातले चार-आठ दिवस खाटेवर. मी किती पुरू? माह्या गुडघ्याकडे पाहा."

त्या दुष्ट नव्हत्या. कौतिकावर जीवही होता. पण घर चालवायचं म्हणजे हात लागतात, आणि एक हात कमी पडला की दुसरा आणायचा, हा हिशेब त्यांच्या आधीच्या सासवांनी घालून दिला होता. कौतिकाला हे ठाऊक होतं. ती निंबाखाली खाट आली त्या दिवशी मला म्हणाली, "नर्सबाई, सवत आली त मले दमा याची गरजच नाही राह्यणार. तसाच जीव जाईन."

कोपरा बदलला. पुढच्या महिन्यात आम्ही मोठ्या ऐटीत धामणगावात उतरलो, तर निंबाखाली, मोकळ्या हवेत, धुतलेल्या गोधडीवर कौतिका तशीच हात रोवून बसलेली. शिटी तीच, जोर मात्र थोडा कमी. भागीरथीबाईंचा चेहरा जिंकलेल्या वकिलासारखा झाला. "पाह्यलं? जागा बदलली तरी त्यानं गाठलंच."

आम्ही सुई देऊन, खाली मान घालून परत आलो. गाडीत डॉक्टरबाई म्हणाल्या, "धूळ खरी आहे, पण नुसती धूळ नाही. धूळ रोज असते. मग दमा महिन्यालाच का?"

त्याचं उत्तर मिळालं भागीरथीबाईंच्या स्वयंपाकघराच्या दारात. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा कौतिका घरातच होती, चुलीपाशी, भाकरी थापत. ठणठणीत दिसत होती. भागीरथीबाई मला गुडघे दाखवत होत्या. एकाएकी त्यांनी मान वळवली, कान दिला आणि बोलणं अर्ध्यावर टाकून ओरडल्या, "श्रीराम! रांजण भरून टाक बापा. आनि लोणच्याची बरणी फडताळात वर ठेव. सूर लागला."

मला काही ऐकू आलं नव्हतं. लक्ष दिल्यावर आलं. कौतिकाच्या श्वासाच्या शेवटाला एक बारीक धागा, मांजराच्या पिल्लासारखा.

"सूर लागला म्हणजे काय, मावशी?"

"काही नाही. उद्या-परवा बसन ती बाहेर. मंग पानी भराले कोनी नाही, म्हनून आधीच भरून घेतो."

"म्हणजे दर वेळी असंच? आधी सूर, मग पाळी?"

"हाव. लग्न होऊन आली तवापासून. सूर चुकत नाही."

मी खाली बसले. "मावशी, तुम्ही म्हणता बाहेरचं तिला कोपऱ्यात धरतं. मग ती तर अजून चुलीपाशी आहे. तुमच्या देवघराला लागून. ते इथं कसं शिरलं?"

देवघरासमोर भूत शिरलं असं म्हणायची भागीरथीबाईंची छाती झाली नाही. कौतिकाने तव्यावरची भाकरी उलटली आणि पाठमोरीच म्हणाली, "त्यानं बी पाय धुतले असतीन, आत्याबाई."

"चूप व," भागीरथीबाई म्हणाल्या. पण त्यांनाही हसू आलं होतं.

मी ओट्यावर जाऊन डॉक्टरबाईंना सांगितलं तेव्हा त्या अक्षरशः टाळी वाजवून उठल्या. रोज खोकला आणि खरूज बघून कंटाळलेल्या डॉक्टरला विचार करायला लावणारी बाब मिळाली की तिचा चेहरा असा होतो. मग त्यांनी मला जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. त्यातलं निम्मं पुस्तकातलं आणि निम्मं आपला अंदाज, असं त्यांनी स्वतःच बजावलं होतं.

गावाला जसा रात्रीचा पहारेकरी, जागल्या असतो, तसे रक्तातही जागल्ये असतात. रोगाचा चोर शिरला की धरायचा, मारायचा, हे त्यांचं काम. बाईच्या पोटात अंडाशय असतात आणि ते रक्तात दोन तऱ्हेचे रस सोडतात. इंग्रजीत त्यांना हॉर्मोन म्हणतात. महिन्याच्या पहिल्या भागात एका रसाचा जोर, पुढे दुसऱ्याचा, आणि पाळी यायच्या तोंडावर दोन्ही एकदम उतरतात. हे जागल्ये त्या रसांचा हुकूम मानतात. त्यामुळे महिन्याच्या काही दिवसांत ते जरा डुलकी घेतात आणि काही दिवसांत इतके बिथरतात की मांजर दिसलं तरी लाठी घालतात. सरकीची धूळ म्हणजे मांजर. एरवी कौतिकाचे जागल्ये त्या धुळीला सोडून देतात. पाळीआधी तीच धूळ दिसली की छातीत दंगल माजवतात.

"पण जागल्याने डुलकी घ्यावी कशाला?" मी विचारलं.

"कदाचित पाहुण्यासाठी," त्या म्हणाल्या. "मूल निम्मं बापाचं. बाईच्या अंगाला ते परकंच. जागल्या फार कडक राहिला तर त्याला वेशीवरच मारील. म्हणून दर महिन्याला, पाहुणा आलाच तर असू दे, म्हणून पहारा बदलत असेल. हा माझा तर्क आहे हं, कुठं छापू नका."

आता मी छापते आहे. त्या रागावणार नाहीत.

त्यांच्या तर्काला रोहिणखेडची जुबेदाबी कारण होती. ती बांगड्या भरणारी. गावोगाव पेटी घेऊन फिरायची. तिच्या बोटांची पेरं सुजून लाकडासारखी व्हायची. दुसरीच्या हातात काकण चढवताना ही स्वतः कळवळायची. पण दिवस गेले की तिचे हात मोकळे. पोट पुढे आणि बोटं नाचती! त्या काळात ती अशी सफाईने बांगड्या भरायची की बायका रांग लावायच्या. बाळंत झाली की पुन्हा सूज. "बाई," ती म्हणायची, "पेट में बच्चा रहा के मेरे हाथ मक्खन. पन हर साल बच्चा कौन करींगा?" तिच्या हातांसाठी आमच्याजवळ शेकाशिवाय आणि दुखणं मारायच्या गोळ्यांशिवाय काही नव्हतं. ते अजूनही नाही. ही रुखरुख आहे.

कौतिकासाठी मात्र होतं. दम्याची गोळी दमा आल्यावर देण्याऐवजी आधीच सुरू करायची. त्या दिवसांत कुटार, सरकी, झाडझूड यांपासून तिला लांब ठेवायचं. पण आधी म्हणजे कधी? पाळी काही पंचांगात छापलेली नसते. तिथं भागीरथीबाई कामी आल्या. "आवस सरली की तिचा चेहरा उतरते," त्या म्हणाल्या. "मंग चिडचिड करते. मंग सूर." आम्ही ठरवलं की चेहरा उतरला की गोळी, सुराची वाट बघायची नाही. गोळीने छाती धडधडायची, हात कापायचे, म्हणून ती अर्धी मोडून द्यायला सांगितली. गोळ्यांची पुडी मी मुद्दाम सासूच्या हातात दिली. सुनेच्या हातात दिली असती तर "काही होत नाही" म्हणून तिने ती जपून ठेवली असती. आमच्याकडच्या बायका औषध साठवतात, सणाला घालायच्या लुगड्यासारखं.

पहिल्या खेपेला सूर लागला, पण बारीक. दुसऱ्या खेपेला भागीरथीबाईंना कान देऊन बसावं लागलं. गडी गाडीवर येऊन सांगून गेला, "मालकीनबाईनं सांगतलं, या खेपेले रांजन भरला पन सूर नाही लागला."

आम्ही खूष होतो. पण बोलणी मोडली नव्हती. भूत गेलं तरी नारळ उरतोच. अखाजी जवळ आली आणि वरवट बकालची भावजय, येणूबाई, पोचलीसुद्धा.

मी गेले तो पापडांचा दिवस होता. अंगणात पोती अंथरून शेजारपाजारच्या दहा-बारा बायका उडदाचे पापड लाटत होत्या. जुबेदाबी सणाच्या बांगड्यांची पेटी घेऊन ओट्याच्या पायरीवर बसली होती. कौतिका बाहेर बसलेली. तिची खाट अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला निंबाखाली. पाळीतल्या बाईची सावली पडली तर पापड लाल होतात असं म्हणतात, म्हणून जरा जास्तच लांब. पाठ ताठ, मान खाली. दम लागलेला नव्हता. ती नुसती ऐकत होती.

येणूबाई चांगल्या सुताच्या लुगड्यात ऐसपैस बसल्या होत्या. लाटणं हाती घेतलं नव्हतं. विहीण होणाऱ्या बाईने लाटणं धरू नये. त्या म्हणाल्या, "नणंदबाई, आमची गंगू म्हंजे काय सांगू, कधी डोकं दुखलं म्हनत नाही. निरोगी पोरगी. इच्यासारखं नाही."

'इच्यासारखं' म्हणताना त्यांनी खाटेकडे हनुवटी केली. मला राहवलं नाही. मी भागीरथीबाईंना म्हटलं, "मावशी, कौतिकाच्या दम्याचं कारण मी तुम्हाला सांगितलंच आहे. पाळीआधी अंगातला पहारा बदलतो. ते एकट्या कौतिकाचं नाही. इथं बसलेल्या बायकांना विचारा, पाळीआधी कोणाला काय होतं."

मग एक म्हातारी लाटी मळता मळता म्हणाली, "मले घसा धरे. दर महिन्याले. आता सुटली मी त्यातून."

"मले गळू येते," दुसरी म्हणाली. "कुठं येते ते इचारू नका."

"माहं अंग खाजते, पित्त उठते."

"मले तं सर्दी. मालक म्हनते, आली वाटते शिंकणारी."

"मेरे हाथ देखो," जुबेदाबी पायरीवरून म्हणाली. "पाळी आने के पहले एक काकण नहीं चढता."

बायका सुटल्या. एकमेकींच्या मांडीवर थापा मारून हसू लागल्या. जन्मभर जे एकेकीने आपल्या कोपऱ्यात बसून सोसलं, ते पापडाच्या पिठात सांडलं. फक्त भागीरथीबाई हसत नव्हत्या. लाटणं हातात धरून त्या समोर बघत होत्या.

"तुम्हाला काय व्हायचं, मावशी?" मी विचारलं.

"ओठावर ताप मुते," त्या सावकाश म्हणाल्या. "फोड. दर महिन्याले, याच कोपऱ्यावर. आनि माही सासू म्हने, सून चोरून गरम गूळ खाते, म्हनून तोंड भाजलं. दर महिन्याले मार. गुळाच्या ढेपेले कुलूप." त्यांनी ओठाच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "मंग मी गूळ नव्हताच खाल्ला ना व?"

"नाही, मावशी."

"मले बी वाटू लागलं होतं का झोपेत खातो काय!"

आता असं हसणं उठलं की गोठ्यातला बैल उभा राहिला. हसता हसता भागीरथीबाईंनी डोळे पुसले. त्यात सगळंच हसू नव्हतं. येणूबाईही हसत होत्या. हसण्याच्या भरात त्यांच्या तोंडून निसटलं, "मले तं नाकात फोड येते हो, लाल भडक! आनि गंगूले..." त्या जीभ चावून थांबल्या.

"गंगूले काय?" दहा बायका एकदम.

"काही नाही. जरासा ताप येते. अन् टॉन्सिल का काय म्हनते ते सुजते. जरासं."

भागीरथीबाईंनी पोळपाटावरचा पापड उचलला, उजेडात धरून पाहिला, सुपात ठेवला. मग म्हणाल्या, "येणू, पोरगी तुही चांगली हाये. तिले चांगलं घर पाहू आपन, मी सोता येतो संगं. पन इथं नको. या सुनेचं दुखनं मले पाठ झालं. कधी चेहरा उतरते, कधी गोळी द्याची, सारं. नवी आनली त पुन्हा पह्यल्यापासून शिकू काय मी? या गुडघ्यानं?"

येणूबाईंचा चेहरा क्षणभर पडला. इतका वेळ दारात उभा राहून ऐकणारा श्रीराम आत सटकला. मी पाहिलं, तो आत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि सुटकेच्या हसण्याने त्याचे खांदे हलत होते. मग म्हातारीने एक पोळपाट येणूबाईंकडे सरकवला. विहीणपण गेलं, आता नुसती पाहुणी. येणूबाईंनी सुस्कारा सोडला, पदर खोचला, लाटणं उचललं आणि भराभर लाटायला लागल्या.

निंबाखालून आवाज आला. कौतिका खाटेवर उभी राहिली होती, पापडांवर सावली पडणार नाही एवढं भान ठेवून.

"मामी," ती अंगणभर ओरडली, "जाड नका लाटू हो! वर्षभर मलेच तळा लागतीन!"